ताराबाई पार्कातला बंगला: शांततेचे पैसे द्यायचे की बिल्डरच्या दराचे?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे नवरा-बायको पुण्यात नोकरीला, आई-वडील कोल्हापुरात राजारामपुरीत. ताराबाई पार्कात आतल्या रस्त्यावर साधारण ११ गुंठ्यांचा प्लॉट आहे, त्यावर साठच्या दशकातला दगडी बंगला, मागं विहीर, पुढं आंबा आणि दोन मोठी झाडं. मालक तीन भावंडं, त्यातली एक बहीण अमेरिकेत. मागणी रेडी रेकनरच्या, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारनं ठरवलेल्या दराच्या, जवळपास पावणेदोन पट. एजंट सांगतो, "हा कोल्हापूरचा मलबार हिल. इथं कारखानदार, डॉक्टर, फाउंड्रीवाले राहतात. हा रस्ता असाच राहणार, आणि उद्या बिल्डर डोळे झाकून घेईल." एवढे पैसे द्यावेत का?

मी मूल्यांकनाचं काम करतो. बँकांसाठी, कोर्टातल्या वाटण्यांसाठी, कधी भावाभावांच्या समेटासाठी. या भागातले बरेच बंगले मी टेप लावून मोजले आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी एजंटचं शेवटचं वाक्य नीट वाचा. त्यात दोन गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत: रस्ता असाच राहणार, आणि बिल्डर डोळे झाकून घेईल. या दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. तुमचा प्लॉट बिल्डरला हवासा असेल तर शेजारचाही असणार आणि समोरचाही, मग रस्ता असा राहत नाही. रस्ता खरोखर असाच राहणार असेल, तर त्याचं कारण एवढंच की तिथं बिल्डरला काही करता येत नाही. मग बिल्डरचा भाव तुम्ही का द्यायचा? मालक दोन्हींचे पैसे मागतो आहे. तुम्हाला त्यातलं एकच मिळणार.

जगात जे रस्ते पिढ्यान्‌पिढ्या श्रीमंतांचे राहिले, ते तिथल्या रहिवाशांच्या श्रीमंतीमुळे टिकलेले नाहीत. लंडनमधला केन्सिंग्टन पॅलेस गार्डन्स घ्या. राजवाड्याच्या भाजीपाल्याच्या बागेच्या जागेवर १८४० च्या दशकात हा रस्ता आखला. दोन्ही टोकांना फाटक, पहारा, बऱ्याच बंगल्यांत वकिलाती नाहीतर राजदूतांची निवासस्थानं, उरलेल्यांत जगातले अब्जाधीश. पण खालची जमीन क्राऊन इस्टेटची, म्हणजे ब्रिटिश राजमुकुटाच्या मालमत्तेतली, राहणारे लांब मुदतीचे भाडेपट्टेदार. दर्शनी भाग बदलायचा तरी जमीनमालकाला विचारावं लागतं. दिल्लीतला लुटियन्स बंगलो झोन बघा. बहुतेक बंगले सरकारचे, आणि जे थोडे खासगी आहेत त्यांनाही १९८८ पासूनच्या मार्गदर्शक तत्त्वांची वेसण. दोन्हीकडे एक धनी आहे, आणि तो नाही म्हणू शकतो.

ताराबाई पार्काला असा धनी नाही. कोल्हापूरच्या उत्तर अंगाला संस्थानकाळात नवा राजवाडा उभा राहिला (मेजर मँटच्या आराखड्यावरून, १८८४ साली पुरा झाला). याच बाजूला ब्रिटिश अधिकाऱ्यांची वस्ती आणि लष्करी लाइन होती, लाइन बाजार हे नाव तिथूनच उरलं. पेठांची दाटी नाही, रस्ते सरळ, प्लॉट मोठे. पेठेतल्या वाड्यात ज्यांना मोटार आत घेता येत नव्हती, ते पुढं इकडं आले. पण १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं आणि प्लॉट ज्याचे त्याचे झाले. तुमच्या शेजाऱ्यानं उद्या विकायचं ठरवलं तर त्याला अडवणारं कुणी नाही. त्याच्याशी तुमचे कितीही घरोब्याचे संबंध असोत, त्याचे दोन मुलगे टोरांटोत आणि सिडनीत असतील तर बंगला विकला जाणार.

हे काल्पनिक वाटत असेल तर आई-वडिलांना विचारा, ते राजारामपुरीतच आहेत. आखीव गल्ल्या, बैठे बंगले, कंपाउंडमध्ये नारळ, अशी ती वसाहत होती. आज मेन रोडला आणि जनता बझारच्या चौकात काय आहे ते त्यांना रोज दिसतं. आतल्या गल्ल्यांत दवाखाने आले, दवाखान्यांमागून मेडिकल, पॅथॉलॉजी, पार्किंगची भांडणं. कुणी ठरवून केलं नाही. एका बंगल्याचं हॉस्पिटल झालं की त्याच्या शेजाऱ्याला राहण्यात मजा उरत नाही आणि विकण्यात येते, एवढंच.

तर मग तुमचा रस्ता टिकेल की नाही हे कशावरून ओळखायचं? माझ्या मते एकच गोष्ट सगळ्यात जास्त बोलते: रस्त्याची रुंदी.

डिसेंबर २०२० पासून आपल्याकडे यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे. दाटीवाटीच्या गावठाण भागाबाहेर मूळ एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १.१० आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तिथंच थांबा, प्रीमियम भरून किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा, विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) आणून तो वाढवता येत नाही. रस्ता ९ मीटर किंवा जास्त असला की वाढवता येतो, आणि रुंदीच्या टप्प्यांप्रमाणे वर वर जातो. वापराचंही तसंच आहे. ९ मीटरच्या आतल्या रस्त्यावर राहण्याशिवाय फार थोडे वापर चालतात, छोटा दवाखाना, घरातलं वकिलाचं ऑफिस असले. मोठं हॉस्पिटल, हॉटेल, मोठी ऑफिसं यांना रुंद रस्ता लागतो. म्हणजे बिल्डर ज्या अरुंद रस्त्याला नाक मुरडतो, तोच तुमच्यासारख्या राहणाऱ्याचा रखवालदार. लंडनमध्ये जे काम जमीनमालक करतो, त्याच्या जवळपास जाणारं इथं काही असेल तर हा साडेसात-आठ मीटरचा रस्ता.

म्हणून पहिलं काम, त्या रस्त्याची मंजूर रुंदी काढा. डांबर मोजून उपयोग नाही. कंपाउंड ते कंपाउंड मोजलं तरी ते खरं असेलच असं नाही, कारण कुणाची भिंत दोन फूट पुढं असते तर कुणी स्वतःहून मागं घेतलेली असते. महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. विकास आराखड्यात तो रस्ता रुंद करायचा प्रस्ताव आहे का हे खास बघा. आज ८ मीटरचा असलेला रस्ता आराखड्यात १२ चा दाखवला असेल, तर तुमच्या पुढच्या अंगणाची एक पट्टी जाणार आणि सगळ्या रस्त्याचे भावी गणितही बदलणार. आंबा त्या पट्टीत येतो का, तेही बघून घ्या.

दुसरं काम संध्याकाळी पायी करायचं. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. किती बंगल्यांत दिवे लागतात? किती ठिकाणी नुसता वॉचमन आणि एक बल्ब? कुठल्या फाटकावर आधीच क्लासची, बुटीकची, कॅफेची पाटी आहे? पत्र्याचं कुंपण मारलेला प्लॉट आहे का? कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं तर कुणाच्या घरात कोण राहतं, कोणाचं कोर्टात चाललंय, हे तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगेल. म्हातारा-म्हातारी आणि परदेशातली मुलं, अशी घरं जास्त असतील तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो रस्ता पालटणार असं धरूनच भाव ठरवा.

आता भावाकडे. साठच्या दशकातल्या बंगल्याला मूल्यांकनात फारशी किंमत उरत नाही, आणि मालकाला हे पटवणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. आरसीसी इमारतीचं आयुष्य आम्ही साधारण ६० ते ८० वर्षं धरतो. दगडी भिंती अजून शंभर वर्षं उभ्या राहतील, पण छत, वायरिंग, ड्रेनेज यांचं काय? तुम्ही राहायला जाणार असाल तर दगडी बांधकामाचा थंडावा तुम्हाला मोलाचा वाटेल आणि वाटावा. बाजार मात्र जमिनीचे पैसे मोजतो. सागवानी दारं-खिडक्या आणि फरशी याचं वेगळं मोल होतं, ते पाडताना.

जमिनीच्या भावातही एजंट सरळ गुणाकार करतात: ११ गुंठे म्हणजे सुमारे १२ हजार चौरस फूट, गुणिले दर. तसं नसतं. मोठ्या प्लॉटचा चौरस फुटाचा दर लहान प्लॉटपेक्षा कमी येतो, कारण एवढे पैसे एकरकमी मोजणारे गिऱ्हाईक थोडे. खोल प्लॉटला आम्ही पट्टे पाडतो: रस्त्यालगतच्या पट्ट्याला पूर्ण दर, मागच्याला दोन तृतीयांश, त्यामागच्याला निम्मा. तुमच्या प्लॉटची रस्त्याकडची बाजू किती फूट आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. पुढं निमुळता, मागं रुंद म्हणजे गोमुखी प्लॉट लोक घरासाठी आवडीनं घेतात. उलटा, व्याघ्रमुखी, दुकानवाल्याला चालतो आणि घरवाल्याशी घासाघीस करायला सोपा जातो. रस्ता समोरून अंगावर येत असेल तर तुमचा वास्तूवर विश्वास असो नसो, पुढच्या गिऱ्हाइकाचा असतो. तो मुद्दा आत्ताच भावात वापरा.

झाडांचंही तसंच. ५० वर्षांवरचं झाड २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर वारसा वृक्षात मोडतं, ते तोडायची परवानगी सहज मिळत नाही. तुम्हाला झाडं ठेवायचीच आहेत, त्यामुळे तुमचं नुकसान नाही. पण बिल्डरच्या हिशेबात तो तोटा आहे, आणि मालक बिल्डरचा भाव मागत असेल तर हा तोटाही त्यानं सोसावा.

खरे व्यवहार कितीला झाले हे एजंटच्या तोंडून ऐकू नका. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २, म्हणजे आपला इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा), शोधता येतो. त्याच रस्त्यावरचे, नाहीतर शेजारच्या दोन रस्त्यांवरचे गेल्या तीन-चार वर्षांतले मोकळ्या प्लॉटचे किंवा जुन्या बंगल्यांचे व्यवहार काढा. फ्लॅटचे नकोत, त्यानं गोंधळ होतो. कागदावरचा आकडा कधी कधी खऱ्यापेक्षा कमी असतो हे सगळ्यांना माहीत आहे, तरी चार-पाच व्यवहार शेजारी मांडले की चाल कळते.

पुराबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, याचं मला नवल वाटलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. ताराबाई पार्काचा बराच भाग उंचावर आहे, पण "ताराबाई पार्क" या पत्त्यात एजंट बरंच काही कोंबतात. नागाळा पार्काच्या खालच्या अंगाला, खानविलकर पंपाकडे, असेंब्ली रोडला, व्हीनस कॉर्नरला २०१९ साली पाणी होतं. शहरात पाणी नुसतं नदीकडून येत नाही. जयंती नाला तुंबून मागं फिरतो आणि जिथून नदी दिसतही नाही तिथं चढतो. पाटबंधारे खात्याची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या. निळ्याच्या आत बांधकाम जवळजवळ बंद, निळ्या-लालच्या मध्ये अटी. झोन दाखल्यावर या रेषांचा उल्लेख मागून घ्या. शेजारी मात्र हे कुठल्याही दाखल्यापेक्षा पक्कं सांगतात: त्यांचा विजेचा मीटर भिंतीवर किती वर चढवलाय, ते बघा. वर चढवला असेल तर कारण विचारायचीही गरज नाही.

प्लॉट कोरडा राहिला तरी त्या दिवसांत शिरोलीजवळ महामार्ग बंद होतो आणि पाणी उपसा केंद्रं बुडाल्यानं नळाला पाणी येत नाही. तुमच्या प्लॉटवरची विहीर एजंटनं "बुजवता येईल" म्हणून सांगितली असेल. बुजवू नका. दोन्ही महापुरांत ज्यांच्याकडे चालती विहीर होती त्यांच्या दारात अख्खा रस्ता घागरी घेऊन उभा होता.

कागदांकडे वळू. ई वॉर्डातली मिळकत म्हणजे सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) बघायची. लोक मालकाचं नाव वाचतात आणि पान उलटतात. तुम्ही सत्ता प्रकाराचा, म्हणजे जागा कुठल्या हक्कानं धारण केली आहे त्याचा, रकाना वाचा. तिथं "ब" असेल तर थांबा. मूळ जागा शासनाकडून काही अटींवर दिलेली असू शकते, आणि विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागू शकते. ती न घेता झालेले आधीचे व्यवहार शर्तभंगात अडकतात, आणि निस्तरायचं शेवटच्या खरेदीदाराला. पत्रिकेवरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र जुळतं का, यासाठी मोजणी मागा. फी मालकानं भरायची. घरफाळ्याची पावती चालू आहे म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. घरफाळा मालकी सिद्ध करत नाही, थकबाकी नाही एवढंच सांगतो.

वारसांचं जास्त नाजूक आहे. तीन भावंडं विकणार म्हणता. वडिलांनी स्वतः घेतलेली मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल तर १९५६ पासून मुलींचा, आणि आई हयात असेल तर तिचाही सारखा वाटा आहे. "बहिणीनं हक्क सोडलाय" या तोंडी बोलण्याला किंमत शून्य, नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा म्हणा. चौथं भावंड होतं का, ते वारलं असेल तर त्याची मुलं कुठं आहेत, हेही विचारा. संकोच वाटत असेल तर वकिलाला विचारायला लावा, आपल्याकडे भाऊबंदकीचा विषय तिऱ्हाइतानं काढला की कमी झोंबतो. मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च घ्या आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. नोटिशीला मालकानं आढेवेढे घेतले तर तिथंच ओळखा.

अमेरिकेतल्या बहिणीनं मुखत्यारपत्र पाठवलं तर ते तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर करून अपॉस्टिलसह (कागद खरा असल्याच्या तिथल्या सरकारच्या दाखल्यासह) आलेलं हवं, आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरलेलं हवं. ही मुदत हमखास चुकते. दोन भावांच्या हिश्श्यावर तुम्ही १ टक्का टीडीएस कापायचा (किंमत ५० लाखांच्या वर आहेच). बहीण अनिवासी असेल तर तिच्या हिश्श्यावरची कपात कितीतरी जास्त असते. तिनं प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला तर गोष्ट वेगळी. तो यायला वेळ लागतो, म्हणून साठेखत (खरेदीआधीचा करार) करतानाच त्याची अट घाला. कमी कापून मोकळे झालात तर वसुली तुमच्याकडून होते.

काही रक्कम रोखीनं मागतील. अशा व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे, पण तुमचा तोटा वेगळाच: उद्या विकताना ती रक्कम तुमच्या खरेदी किमतीत धरता येत नाही, आणि बँक त्यावर कर्ज देत नाही. बँक तशीही ७५ लाखांवरच्या कर्जाला किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर जात नाही, आणि ती किंमत माझ्यासारखा कुणीतरी ठरवतो, मालक नव्हे. रेकनरच्या पावणेदोन पट मूल्यांकन मिळेल या भरवशावर टोकन देऊ नका. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के, खरेदी बाईंच्या एकटीच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत. नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार.

सर्किट बेंचमुळे भाव चढणार, हे तुम्हाला ऐकवलं असेलच. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं, आणि सहा जिल्ह्यांतल्या वकिलांना ऑफिस लागणार हे खरं. पण ऑफिससाठी आलेली मागणी रुंद रस्त्यांवर जाते, आणि कायमच्या इमारतीसाठी जागा शेंडा पार्कात, शहराच्या दुसऱ्या टोकाला धरली आहे. आतल्या शांत रस्त्यावरच्या बंगल्यानं यासाठी जादा दर मागायचं कारण मला दिसत नाही.

आणखी एक, जे मूल्यांकनात बसत नाही. बंगला तुम्ही घेणार, पण राहणार आई-वडील. पेठेतले किंवा राजारामपुरीतले लोक इकडं आले की पहिले सहा महिने खूश असतात, मग दूध, भाजी, देऊळ, बोलायला माणूस, सगळ्यासाठी गाडी काढावी लागते हे कळतं. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आजही सकाळी गाडी काढून गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जातात आणि दीड तासानं परततात. दूध हे निमित्त आहे. अकरा गुंठ्यांत दोन वयस्कर माणसं आणि एक वॉचमन, हे चित्र त्यांना विचारून ठरवा.

आता आकडा. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद निघाला, रुंदीकरणाचा प्रस्ताव नसला, पुराची रेषा लांब असली आणि सत्ता प्रकार साफ असला, तर तुम्हाला शांतता मिळते आहे. मग रेकनरच्या वर वीस-पंचवीस टक्के द्यायला मी हरकत घेणार नाही, कारण असे प्लॉट पुन्हा निघत नाहीत. पण परत विकताना गिऱ्हाईक तुमच्यासारखंच राहणारं शोधावं लागेल, हे धरून चाला. रस्ता १२ मीटर किंवा जास्त निघाला तर पावणेदोन पट हा बिल्डरचा भाव असू शकतो आणि इंडेक्स टूच्या व्यवहारांवरून तो रास्तही ठरू शकतो. मग मात्र मुक्काम दहा वर्षांचा समजून घ्या आणि दुरुस्तीवर फार पैसा घालू नका. ९ ते १२ च्या मधला असेल तर भाग नकाशा, प्लॉटची रस्त्याकडची लांबी आणि मिळकत पत्रिका हातात आल्यावर मला पुन्हा विचारा. तोवर टोकन म्हणून एक रुपयाही देऊ नका.